अर्धा स्वर खाली

युलरिकच्या कानाचा अख्ख्या अरिमा गावाला अभिमान होता, आणि सगळ्यात जास्त स्वतः युलरिकला. तेलाच्या पिंपाचा पत्रा ठोकून पॅन हे काठ्यांनी वाजवायचं वाद्य घडवायचं, मग हातोडीने त्यात एकेक स्वर बसवायचा, हा त्याचा धंदा. बाकीचे कारागीर स्वर तपासायचं यंत्र वापरत. "कान गहाण टाकलेत लेकांनी," युलरिक म्हणायचा.

कार्निव्हल तोंडावर आला आणि त्याला दोनदा आकडी आली. डॉक्टरीणबाईंच्या गोळ्यांनी ती थांबली. थोडी गुंगी यायची, एवढंच. त्याने गावच्या पथकाच्या पुढच्या रांगेतले पॅन नव्याने सुरात लावले. तालीम सुरू होताच पथकाचा म्होरक्या वेंडेल ओरडला, "उस्ताद, तुमचे पॅन आभाळात आणि आमचे जमिनीवर!"

"तुमचेच उतरलेत!" म्हणत युलरिक तणतणत घरी आला.

भिंतीवर त्याच्या बायकोचा, लिस्ट्राचा पॅन होता. लग्नात त्यानेच तिला करून दिलेला. सवयीने त्याने त्यावर काठी मारली. "हाही उतरला! हातोडी दे."

लिस्ट्रा पेलाव-भात ढवळायचा डाव घेऊनच आडवी आली. "हात तर लावून बघ! हा आहे तस्साच आहे. उतरलाय तो तुझा कान."

युलरिकने गोळ्यांची डबी टेबलावर आपटली. हे त्या गोळ्यांचंच काम! "आजपासून गोळ्या बंद. कार्निव्हल झाला की बघू."

"आणि भट्टीसमोर आकडी आली म्हणजे? तुझा कान घेऊन मी काय चाटू?"

तिने डॉक्टरीणबाईंना फोन लावला. या गोळ्यांनी एखाद्याला स्वर खालचे ऐकू येतात, त्या म्हणाल्या. पण मनाने गोळी सोडायची नाही, बदलायची तर आपण हळूहळू बदलू.

"सगळेच स्वर खाली येतात?" फोन ठेवून लिस्ट्राने त्याला विचारलं.

"सगळेच. सारखेच." म्हणता म्हणता युलरिकची नजर भिंतीवर गेली.

दुसऱ्या दिवशी तो लग्नातला पॅन गळ्यात अडकवून तालमीला हजर झाला. पोरांनी शिट्ट्या मारल्या. "उस्ताद, नवरी कुठाय?"

"घरी. हा तिचा दागिना आहे. ओरखडा पडला तर मला घरात घ्यायची नाही."

आधी तिचा पॅन वाजवायचा, मग पथकाचा, आणि दोन्ही जुळेपर्यंत हातोडी चालवायची. दोन्ही त्याला सारखेच खाली ऐकू येत, त्यामुळे जुळणी चुकेना. यंत्राला हसणाऱ्याने बायकोचा आधार घेतला, आणि त्याची त्याला लाजही वाटली नाही.

कार्निव्हलच्या स्पर्धेत पथक वाजू लागलं तशी माणसं बाकांवर चढून नाचली. लिस्ट्राने विचारलं, "कसं वाजलं रे?"

"अर्धा स्वर खाली," तो डोळे पुसत हसला. "पण माझ्यासाठी सगळे मिळून खाली आले गं."

आणि तिने न सांगताच त्याने खिशातली गोळी काढून गिळली.