दर ठोशाला नऊ

मेहुण्याने टेबलावरून सरकवलेला कागद घड्याळजींनी वाचला नाही, आधी उलटा करून पाहिला. मागची बाजू कोरी होती. मग त्यांनी तो खिडकीकडे धरला. कडा कात्रीने कापलेल्या होत्या आणि एका कोपऱ्यात कात्री जराशी वाकडी गेली होती.

"भाऊजी, खेळाचे नियम आहेत हो, मृत्युपत्र नाही," मेहुणा म्हणाला.

"आले कुठून?"

"नवी आवृत्ती निघालीय ना. कंपनीने बदल कळवलेत."

"फक्त माझ्याच पात्राचे?"

"मुष्टियोद्ध्यांचे. आता आपल्यात मुष्टियोद्धे तुम्ही एकटेच, त्याला कंपनी काय करणार?"

ड्रायव्हर हसला. शहरातली बस चालवणाऱ्या या माणसाचं हसू एरवी शेवटच्या सीटपर्यंत ऐकू जायचं. आज ते मिशीतच विरलं. नर्सताई आपल्या जादूगारिणीचा तक्ता इतका निरखून वाचत होत्या, की जणू तो आजच त्यांच्या हाती आला होता. घड्याळजींनी दोघांकडे एकेकदा पाहिलं. पाणी कुठेतरी मुरत होतं.

मेहुण्याच्या औषधाच्या दुकानामागच्या खोलीत हा खेळ गेली अकरा वर्षं दर रविवारी दुपारी चालत होता. मेहुणा सूत्रधार. किल्ले, भुयारं, राक्षस सगळे त्याचे; गोष्ट तो पुढे न्यायचा. बाकी तिघं त्या गोष्टीत एकेक पात्र होऊन शिरायचे आणि कुणाचा वार किती लागला ते फासे ठरवायचे. घड्याळजींच्या पात्राचं नाव मौनी. एक अक्षर न बोलणारा, हाती शस्त्र न धरणारा, नुसत्या मुठींवर लढणारा योद्धा. तो एका दमात चार ठोसे मारायचा आणि दर ठोशाला आठ बाजूंचे दोन फासे पडायचे. त्यामुळे टेबलावर सगळ्यांत जास्त फासे घड्याळजींचे. दोन्ही फाशांवर आठ आले की समोरचा राक्षस आडवा, आणि ड्रायव्हर खुर्चीवर उभा राहून शिट्टी मारणार, हे ठरलेलं. आठवडाभर लोकांच्या बंद पडलेल्या वेळा दुरुस्त करणाऱ्या माणसाला ती एक शिट्टी पुढच्या रविवारपर्यंत पुरायची.

त्यांनी कागद वाचला.

'मुष्टियोद्ध्याने फासे टाकू नयेत. वर्षानुवर्षांच्या सरावाने त्याचा हात असा बसलेला असतो, की त्याला नशिबाची गरज उरत नाही. प्रत्येक ठोसा नऊ.'

"नऊ," घड्याळजी म्हणाले. "सोळा नाही, दोनही नाही. नऊ."

"दोन फाशांची सरासरी तेवढीच येते. तुमचा तोटा काहीच नाही."

"तोटा नाही, तर बदल कशाला?"

मेहुण्याने थर्मास उघडला. सगळ्यांचे पेले काठोकाठ भरले. घड्याळजींचा अर्धा.

त्या दुपारी भुयारातल्या लढाईत जादूगारिणीचे फासे खळखळले, ड्रायव्हरच्या चोराचे खळखळले. मौनीची पाळी आली की घड्याळजी म्हणायचे, "चार नव्वे छत्तीस," आणि हाताची घडी घालून बसायचे. पाढे म्हणायला माणूस मेहुण्याकडे कशाला येईल? मला कंटाळा आणायचा, मीच आपणहून उठून जावं अशी व्यवस्था करायची, आणि मग या खुर्चीवर दुसरं कुणी बसवायचं, असा डाव त्यांना स्वच्छ दिसू लागला.

निघताना त्यांची नजर मेहुण्याच्या मनगटावर गेली. सासऱ्यांचं चावीचं घड्याळ, आता मुलाच्या हातात. पट्टा सैल झाला होता.

"दे, पट्टा बसवून देतो."

"राहू द्या हो, चालतंय."

"चालतंय काय? पडेल कुठेतरी. दे इकडे."

मेहुण्याने घड्याळ काढलं खरं, पण देताना ते क्षणभर स्वतःकडेच धरून ठेवलं. घड्याळजींनी तेही पाहून ठेवलं.

सोमवारी दुकान उघडल्यावर पट्ट्याला हात लावायच्या आधी त्यांनी डोळ्याला भिंग लावलं आणि घड्याळाचं मागचं झाकण काढलं. पट्टा बसवायला झाकण उघडावं लागत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार! पण संशयाला निमित्त लागत नाही. झाकणाच्या आतल्या बाजूला नखाएवढ्या जागेत त्यांच्या खुणा होत्या. घड्याळ दुरुस्त करणारा प्रत्येक कारागीर आत आपली खूण आणि तारीख टोकदार सुईने कोरून ठेवतो. गिऱ्हाइकाला ती कधी दिसत नाही, पुढच्या कारागिराला दिसते. सासऱ्यांच्या हयातीपासूनच्या बारा खुणा, सगळ्या घड्याळजींच्या, मुंग्यांच्या रांगेसारख्या. बारावी तीन महिन्यांपूर्वीची.

आणि तिच्याखाली तेरावी. परक्या हाताची. तारीख त्यांच्यानंतर अवघ्या नऊ दिवसांची.

घड्याळजींनी भिंग काढलं, पुसलं आणि पुन्हा लावलं. खूण तिथेच होती. म्हणजे आपल्याकडून नेलेलं घड्याळ सख्ख्या मेहुण्याने नवव्या दिवशी दुसऱ्याच्या हवाली केलं होतं! खेळाच्या टेबलावर दुसरा, घड्याळातही दुसरा. रागाने त्यांच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

तेराव्या खुणेकडे त्यांनी फार वेळ पाहिलं. बाराव्या खुणेकडे मात्र पाहिलं नाही. ती त्यांचीच होती, आणि रांगेतून बाहेर पडलेल्या मुंगीसारखी तिरकी गेली होती.

उजवा हात गेल्या पावसाळ्यापासून ऐकेनासा झाला होता. आधी फक्त करंगळी, मग अंगठा. चिमट्यात धरलेला स्क्रू हवेतच थरथरायचा. घड्याळजी मनगट टेबलाच्या कडेला दाबून धरायचे, पट्टे बदलायचे, सेल घालायचे, आणि कुणी चावीचं घड्याळ आणलं की म्हणायचे, "याचे सुटे भाग येत नाहीत हो हल्ली." चाळीस वर्षांचं नाव होतं. घड्याळजींचा हात कापतो, हे एकदा गावभर झालं की त्या दुकानाची पायरी कोण चढणार? झाकली मूठ सव्वा लाखाची. बायकोलाही त्यांनी कळू दिलं नव्हतं. पेपर वाचताना ते उजवा हात मांडीखाली घेऊन बसत.

रात्री जेवताना त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "तुझा भाऊ हल्ली काही बोलला का?"

"कशाबद्दल?" बायकोने इतक्या पटकन विचारलं, की हातातला डाव पातेल्यातच राहिला.

"काही नाही. आपलं सहज."

"त्याला कुठे वेळ असतो बोलायला," ती म्हणाली आणि त्यांच्या वाटीत आमटी वाढली. अर्धी वाटी. बहीणभाऊ दोघेही हल्ली मापात आले होते.

गुरुवारी दुकान अर्धा तास आधी बंद करून ते बाजारपेठेतल्या खेळांच्या दुकानात गेले. नवी आवृत्ती काचेच्या कपाटात होती. जाड पुठ्ठ्याची, गुळगुळीत पानांची. त्यांनी ती तिथेच उभ्याने उघडली. मुष्टियोद्ध्यांचे नियम बदलले होते, हे खरं. पण कसे? ठोसे चाराचे पाच झाले होते, आणि आठ बाजूंच्या फाशांऐवजी दहा बाजूंचे. मुष्टियोद्धा कधी नव्हे इतका तगडा झाला होता. नऊचा तिथे मागमूस नव्हता. नशिबाची गरज न उरलेल्या हाताबद्दलचं ते वाक्य तर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत कुठेच नव्हतं.

त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि शेजारी धरला. तेव्हा कुठे त्यांना कळलं, की ही अक्षरं आपल्या ओळखीची का वाटत होती. मेहुण्याच्या दुकानात औषधांच्या पुड्यांवर चिकटवायच्या चिठ्ठ्या ज्या यंत्रावर निघत, त्याच यंत्राचा हा टाइप. 'प्रत्येक ठोसा नऊ.' 'प्रत्येकी एक गोळी, जेवणानंतर.'

घड्याळजींनी पुस्तक विकत घेतलं आणि दहा बाजूंचे दोन फासेही घेतले.

रविवारी ते पाच मिनिटं आधीच पोचले. नर्सताई आणि ड्रायव्हर आले, पात्रांचे शिशाचे पुतळे नकाशावर मांडून झाले, मेहुण्याने घसा खाकरून गोष्ट सुरू केली: भुयाराच्या तोंडाशी दगडी पहारेकरी जागा झाला आहे. मौनी सगळ्यांत पुढे आहे. मौनी काय करतो?

घड्याळजींनी पिशवीतून पुस्तक काढलं आणि नकाशाच्या मधोमध ठेवलं.

"पान एकशे बारा," ते म्हणाले. "मोठ्याने वाच."

मेहुण्याने पुस्तकाकडे पाहिलं. उघडलं नाही.

"वाच ना. का मी वाचू? पाच ठोसे, दहा-दहाचे दोन फासे. अकरा वर्षं तुझ्या शब्दावर भुयारात शिरतोय मी, आणि तू मला गोळ्यांच्या चिठ्ठीवर छापलेला नियम देतोस?"

"भाऊजी, ऐका तर..."

"आणि तुम्ही दोघं. तुम्हाला माहीत होतं."

नर्सताईंनी आपला तक्ता पुन्हा पुढ्यात ओढला. ड्रायव्हर खिडकीबाहेर बघत राहिला.

"मी पुस्तकाप्रमाणे खेळणार," घड्याळजी म्हणाले आणि नवे फासे मुठीत घेतले.

ते टाकण्यापूर्वीच वाजू लागले. बंद मुठीत, आपोआप, टकटक टकटक. खोली इतकी शांत होती की ते सगळ्यांना ऐकू गेलं. घड्याळजींनी मूठ आणखी घट्ट आवळली, तेव्हा ते जास्तच वाजले. त्यांनी घाईने हात उघडला. एक फासा नकाशावर पडून चारवर थांबला. दुसरा मौनीच्या पुतळ्यावर आपटला, पुतळा आडवा झाला आणि फासा टेबलावरून खाली गेला.

तिघंही एकदम खाली वाकले. कुणी कुणाला सांगितलं नाही, कुणी 'अरेरे' म्हटलं नाही. रोजच्या सवयीचं काम असावं तसे वाकले. टेबलावर एकटे घड्याळजी उरले.

"दहा!" खालून ड्रायव्हर ओरडला.

"आठ आहे, आठ," त्याच क्षणी नर्सताई म्हणाल्या.

घड्याळजींनी खाली पाहिलं. फासा त्यांच्याच बुटापाशी, टेबलाच्या पायाला टेकून पडला होता. दोघांपैकी कुणालाही तिथून तो दिसणं शक्य नव्हतं. त्यावर एक होता.

याआधी किती रविवार हे असं झालं होतं? फासे खाली जायचे, हे त्यांना आठवत होतं. पण ते दर वेळी आठच पडायचे, ड्रायव्हर तिथूनच शिट्टी मारायचा, आणि आपलं नशीब जोरावर आहे असं त्यांना वाटायचं. नर्सताई रोज अशाच हातांना सलाइन लावत. मेहुणा रोज अशाच माणसांना गोळ्या मोजून देई. एकट्या त्यांनाच वाटत होतं की मूठ झाकलेली आहे.

तिघं एकेक करून वर आले. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. ड्रायव्हरच्या गुडघ्याला धूळ लागली होती आणि ती तो नको तितकी झटकत होता.

घड्याळजींनी आडवा पडलेला मौनी उभा केला. त्यासाठी दोनदा प्रयत्न करावा लागला, आणि या वेळी त्यांनी हात टेबलाखाली नेला नाही. मग त्यांनी पुस्तक उचलून पिशवीत ठेवलं, खिशातला तो वाकड्या कोपऱ्याचा कागद काढला आणि नकाशाशेजारी सरळ करून मांडला.

"हे वाक्य तू लिहिलंस?" त्यांनी विचारलं. "हात बसलेला असतो, ते?"

"आमच्या ताईने सांगितलं," मेहुणा हळूच म्हणाला. "मी फक्त छापलं."

घड्याळजींनी मान डोलावली. थोड्या वेळाने त्यांनी वरच्या खिशातून सासऱ्यांचं घड्याळ काढून मेहुण्यापुढे ठेवलं. नवा पट्टा बसवलेला होता. आत चौदावी खूण त्यांनी केली नव्हती.

"ज्याच्याकडे नेलं होतंस ना, पुढेही त्याच्याकडेच ने," ते म्हणाले. "तीन महिन्यांपूर्वी माझा चिमटा घसरून आत ओरखडा पडला होता, तो त्याने असा पुसलाय, की मलाच शोधून सापडला नाही. चांगला कारागीर आहे."

मेहुण्याने घड्याळ हातात बांधलं. बकल लावायला त्यालाही बराच वेळ लागला.

"मौनी काय करतो?" अखेर त्याने विचारलं. आवाज सूत्रधाराचा होता, पण जरा ओला.

"चार ठोसे," घड्याळजी म्हणाले. "छत्तीस."

ड्रायव्हरने खुर्चीवर न चढताच शिट्टी मारली. ती काही नीट वाजली नाही. नर्सताई हसल्या, आणि काहीतरी करायला हवं म्हणून त्यांनी थर्मास पुढे ओढून चहा ओतायला घेतला. घड्याळजींच्या पेल्यापाशी त्यांचा हात सवयीने अर्ध्यावर थांबला.

"भरा पूर्ण," घड्याळजी म्हणाले. "दोन्ही हातांनी धरतो."