विघ्नेशची ॲसिडिटी
बाई भोळी असावी, पण किती? कावेरीनं तीन वर्षं साउलेच्या घरचं सणाचं सूप वाट्या भरभरून खाल्लं. नाही म्हणायला पहिल्या वर्षी विचारलं होतं, बीफ नाही ना, पोर्क नाही ना? साउले नाही म्हणाली होती, आणि ते खरंच होतं.

साउले म्हणजे दुबईत, देऱ्यातल्या बिल्डिंगमधली कावेरी आणि तिचा नवरा विघ्नेश यांची समोरच्या दाराची कझाक शेजारीण. परक्या मुलखात कावेरीला जीव लावणारं एवढं एकच माणूस. मार्चमध्ये त्यांचा वसंताचा सण येतो, नौरीझ. पाणी, मांस, मीठ, गहू, बाजरी, दूध आणि ताक अशा सात जिनसांचं सूप करायचं, शेजारीपाजारी वाटायचं, आणि पहिला घोट घेण्याआधी मनातला राग सोडून द्यायचा, अशी रीत.

यंदा साउलेचा हात प्लास्टरमध्ये. म्हणून सकाळीच कावेरी ओढणी खोचून तिच्या ओट्यापाशी उभी राहिली. शिजलेलं मांस बारीक करायला घेतलं, तर चरबी पिवळीधमक. मटणाची अशी नसते.

"हे कसलं गं?"

"घोड्याचं," साउले कौतुकानं म्हणाली. "भाऊ दर वर्षी घेऊन येतो. हिवाळ्यात खारवून आजच्यासाठी राखलेलं असतं. विघ्नेशला माहितीय की. पहिल्याच वर्षी मी विचारलं होतं, कावेरीला चालतं ना? म्हणाला, तिला सगळं चालतं."

कावेरीच्या घरचं कुलदैवत खंडोबा. देव्हाऱ्यातल्या चांदीच्या टाकावर देव घोड्यावर बसलेले, आणि रोज अंघोळ झाली की ती त्यांना भंडारा वाहायची. लग्नानंतर जेजुरीला विघ्नेश तिला उचलून पाच पायऱ्या चढला होता. ह्याच देवासमोर.

साउलेवर रागवावं तरी कसं? तिनं तर आपल्या घरातलं उत्तम तेच पुढे केलं होतं. कावेरीनं काम अर्धवट टाकलं नाही. पातेलं उतरवून निवू दिलं, मगच ताक घातलं; गरमात घातलं तर फुटतं, हे कढी करणारीला कुणी सांगावं लागत नाही. मग एक वाटी भरून ती आपल्या घरी आली आणि विघ्नेशच्या लॅपटॉपशेजारी ठेवली.

"नको गं, ॲसिडिटी झालीय," तो वर न बघताच म्हणाला.

"नौरीझला ॲसिडिटी व्हायचं हे चौथं वर्ष. एरवी मिसळ बरी चालते तुझ्या ॲसिडिटीला."

विघ्नेशनं मान वर केली. तिचा चेहरा पाहिला आणि लॅपटॉप मिटला.

"सांगितलं असतं तर तू तिच्याकडे जाणं सोडलं असतंस," तो म्हणाला. "इथे दुसरं कोण होतं तुला? रोज रडायचीस. तुझ्यासाठीच गप्प बसलो."

रडायची, हे खरं होतं. ती विरघळलीही असती. पण बोलता बोलता त्यानं दोन बोटांनी ती वाटी लांब सरकवली.

"माझ्यासाठी ना? मग माझ्यासोबत एक घास खायचास. बाटलो असतो तर दोघं बाटलो असतो," कावेरी म्हणाली. "तू तुझ्यापुरता देव सांभाळलास, विघ्नेश. आणि मी खात होते ते शेजारी बसून बघितलंस."

तेवढ्यात समोरून साउलेची हाक आली. पहिली वाटी कावेरीची, सगळे शेजारी थांबलेत.

कावेरी दारात गेली.

"तुम्ही घ्या गं," ती म्हणाली. "राग सोडून प्यायचं असतं ना? मला यंदा जमणार नाही."