दहावी हाक

तिने बेल उचलली, मागचं बारीक बटण नखाने खाली सरकवलं आणि ती कीबोर्डशेजारी पालथी ठेवून दिली.

"तात्पुरतं," ती स्वतःशीच म्हणाली.

बेलची बिनतारी कळ पलीकडच्या खोलीत सासऱ्यांच्या उशाशी होती. सकाळपासून ती दाबून दाबून त्यांनी तिचा जीव नकोसा केला होता. पडदा ओढ, पडदा सरकव, किती वाजले, आणि दोनदा तर नुसतंच, ही येते की नाही ते बघायला. पक्षाघाताने एक हात लुळा आणि जीभ जड झाल्यापासून त्यांना हाक मारणं जमत नव्हतं. बोट तेवढं शाबूत होतं, आणि ते बोट स्वस्थ बसणाऱ्यांतलं नव्हतं. जन्मभर वायरमन म्हणून लोकांच्या घरच्या बेला दुरुस्त केलेला माणूस. बेल मुलाने विकत आणली, तरी ती कुठे ठेवली की नीट वाजेल हे खुणा करकरून त्यांनीच ठरवलं होतं. तिला त्यांची माया नव्हती असं नाही. आज वेळ नव्हता, एवढंच.

गोळ्यांसोबत द्यायचं दूध मंद गॅसवर ठेवून ती आली होती. उकळायच्या आत परतू असा हिशेब होता. तिने कानांवर हेडफोन चढवले आणि स्क्रीनवरचा पॅच, म्हणजे दुरुस्तीचा कोड, वाचायला घेतला.

तिची कंपनी हायपरवायझर बनवायची. म्हणजे एका खऱ्या यंत्राच्या पोटात अनेक आभासी यंत्रं नांदवणारा कारभारी. प्रत्येक यंत्राला वाटतं, घर आपल्या एकट्याचंच. बाहेरचं एखादं उपकरण 'इकडे बघा' म्हणून हाक मारतं, तिला इंटरप्ट म्हणायचं. ती ऐकून ज्याची त्याला पोचवायची, हे कारभाऱ्याचं काम. रुग्णवाहिका धाडणाऱ्या एका केंद्रात कालपासून एक नेटवर्क कार्ड वेड लागल्यासारखं उगाचच हाका मारत होतं. कारभारी त्यालाच ओ देत बसायचा आणि केंद्रातले स्क्रीन गोठायचे. तात्पुरता इलाज चारच्या आत पोचवायचा होता, आणि तो तपासून होकार द्यायचं काम तिच्याकडे होतं. टीममध्ये तिला 'चाळणी' म्हणत, अगदी तोंडावरसुद्धा.

इलाज केला होता झटपटने. या मुलाचं खरं नाव आता फक्त पगाराच्या चिठ्ठीवर उरलं होतं.

"बघितलंत का ताई? बारा ओळी आहेत फक्त," हेडफोनमधून त्याचा आवाज आला.

"बारा ओळींत माणूस बुडतो. वाचू दे."

"वाचा, पण लवकर," साहेब मध्ये पडले. सकाळपासून ते केंद्राच्या लोकांची बोलणी खात होते आणि आता ती सगळ्यांना वाटायच्या बेतात होते. "तिकडे माणसं कागदावर पत्ते लिहून घेतायत. चार म्हणजे चार."

कल्पना सरळ होती. हाकांचा मारा सुरू झाला की त्या कार्डाच्या तोंडावर क्षणभर दार लावायचं, कारभाऱ्याला श्वास घेऊ द्यायचा आणि मग पुन्हा उघडायचं. तिने ओळीवर बोट ठेवून वाचलं. पहिल्यांदा सगळं बरोबर वाटलं. दुसऱ्यांदा वाचताना बोट नवव्या ओळीवर अडलं.

खोलीबाहेरच्या बोळात काहीतरी धपकन आपटलं. हेडफोनमधून ते दबकंच ऐकू आलं. वरच्यांनी काही पाडलं असेल, असं वाटून तिने खुर्ची पुढे ओढली.

"दार लावलेलं असताना हाक आली तर?" तिने विचारलं.

"ती टाकून देतो आपण. खोटीच असते ना ती."

"सगळ्या खोट्या असतात?"

"दहातल्या नऊ, ताई. मी मोजल्यात."

"आणि दहावी?"

पलीकडे कुणीतरी खोकलं. साहेब असावेत.

"दहावी कुणाची असते ते सांग ना," ती म्हणाली. "कुणाच्या तरी घरात कुणीतरी पडलेलं असतं आणि त्यांनी त्या केंद्राला फोन लावलेला असतो."

"तात्पुरतं आहे हो हे. पुढच्या आठवड्यात नीट करणारच आहोत."

"तात्पुरतं आपल्यासाठी. तेवढ्या वेळात जो मेला तो कायमचा मेला."

हे जरा जास्तच झालं, हे तिचं तिलाच कळलं. पण शब्द तोंडातून गेले होते, आणि ते खरे होते.

"मग काय हात वर करू केंद्रापुढे?" साहेबांचा आवाज चढला. "उपाय बोला."

"दार लावा, माझी ना नाही. पण बंद असताना कोण येऊन गेलं त्याची खूण ठेवा. आणि दार उघडलं की पुन्हा हाक येईल म्हणून वाट बघत बसू नका. एकदा हाक मारून थकलेला परत मारेलच असं नाही. आपण होऊन जायचं आणि विचारायचं, काही हवं होतं का?"

"दोन ओळी वाढतील," झटपट पुटपुटला. तो आधीच टाइप करत होता. "अर्ध्या तासात देतो."

"द्या," साहेब म्हणाले. "मी तिकडे सांगतो काहीतरी. आणि चाळणीबाई..."

पुढचं तिने ऐकलं नाही. तिचा हात सवयीने कीबोर्डशेजारी गेला होता आणि पालथ्या बेलवर थांबला होता. बोटांना गार प्लास्टिक लागलं. त्या बेलमध्ये कसलीच खूण राहत नव्हती.

हेडफोन काढले तेव्हा वास आला. जळक्या दुधाचा, आणि त्याच्या आड दुसरा, गॅसचा उग्र.

बोळात सासऱ्यांचा वॉकर आडवा पडला होता. त्यांची खोली रिकामी होती. तिने वॉकर ओलांडला. ती स्वयंपाकघराच्या दारात पोचली.

ते ओट्याला टेकून स्टुलावर बसले होते. घामाने सदरा पाठीला चिकटला होता. खिडकी सताड उघडी होती. शेगडीवर दूध उतू जाऊन बर्नर बुडाला होता, ज्योत विझली होती, आणि शेगडीची कळ बंद होती. त्यांचा चांगला हात अजून त्या कळीवरच होता. दुसऱ्या हाताच्या लुळ्या मुठीत बेलची कळ होती.

"बाबा," ती म्हणाली.

त्यांनी तिच्याकडे बघितलं. मग मुठीतल्या कळीकडे.

"बेल," ते म्हणाले. एकेक अक्षर उचलून ठेवावं तसं. "बिघ... डली. वाटतं. आण."

ती आपल्या खोलीत गेली. टेबलावरची बेल घेतली, खणातला स्क्रूड्रायव्हर घेतला. येताना बटण वर सरकवता आलं असतं. तिचा अंगठा त्यावर जाऊन थांबलाही. तिने ते तसंच राहू दिलं आणि बेल त्यांच्या मांडीवर ठेवली.

त्यांनी ती उलटी केली. खाली सरकवलेल्या त्या बारीक बटणावर त्यांची नजर क्षणभर राहिली. ती मान खाली घालून उभी होती. जन्मभर ज्याने असल्या बेला उघडल्या त्या माणसाला काय सांगायचं?

त्यांनी नखाने बटण वर केलं. मग स्क्रूड्रायव्हर मागितला, आणि एका हाताने, बेल गुडघ्यांत धरून, चारही स्क्रू काढले. झाकण उघडलं. आत फुंकर मारली. पुन्हा झाकण लावून स्क्रू पिळले. तिने मदतीला हात पुढे केला तेव्हा मानेने नको म्हणाले.

"झालं," ते म्हणाले. "धूळ होती."

लुळ्या मुठीतली कळ त्यांनी चांगल्या हाताने दाबली. बेल त्यांच्या मांडीवरच खणखणीत वाजली.

ती हातभर अंतरावर उभी होती.

"आले, बाबा," ती म्हणाली.