नवव्या ओळीखाली

मी अ‍ॅल्युमिनियमचा एक पत्रा. हातभर लांब, वीतभर रुंद. इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्री गावातल्या एका जुन्या मोटारीचा डॅशबोर्ड म्हणून माझं आयुष्य गेलं. माझ्या अंगावर दोन माणसांच्या हातांचं काम आहे, त्यांची ही हकीकत.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी अगदी कोरा होतो. विल्फने मला भंगाराच्या ढिगातून निवडून आणलं. विल्फ मोटारींच्या कारखान्यात चाळीस वर्षं हत्यारं घडवणारा कारागीर. निवृत्त झाल्यापासून तो घरामागच्या शेडमध्ये दोनच माणसं बसतील अशी एक मोडकी मोटार उभी करत होता. तिचं सगळं झालं होतं, मीच काय तो उरलो होतो. आणि विल्फकडे फार दिवस नव्हते. त्याची फुप्फुसं निकामी झाली होती. उन्हाळा ओलांडणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्या मोटारीतून एकदा फिरून यावं एवढीच त्याची इच्छा, पण डॅशबोर्ड अर्धवट ठेवून तो बसणाऱ्यातला नव्हता.

ड्रिल मशीनमध्ये त्याने पोलादी टोकाऐवजी लाकडाची गोल दांडी लावली. माझ्या अंगावर तेलात कालवलेली घासायची पेस्ट फासली. दांडी खाली येऊन गरगर फिरली की माझ्यावर कोटाच्या बटणाएवढं चकचकीत वर्तुळ उमटे. मग मला अर्ध्या वर्तुळाएवढं सरकवायचं, पुन्हा दांडी खाली. कौलावर कौल चढतं तसं प्रत्येक वर्तुळ आधीच्यावर अर्धं चढतं. ओळ दर वेळी डावीकडूनच सुरू करायची, हा नियम. दुखलं का म्हणाल, तर दुखलं. पण कोऱ्या पत्र्याकडे कोण बघतं?

नऊ ओळी विल्फने केल्या. एकही वर्तुळ केसभर इकडेतिकडे नाही. दहाव्या ओळीला मात्र त्याचा हात कापायला लागला. दांडी टेकण्याआधीच त्याने मशीन बंद केलं.

“नोरीन, जरा इकडे ये.”

नोरीन त्याची बायको. शेडच्या दाराशी चहा ठेवण्यापलीकडे तिला आत मज्जाव होता.

“आज सूर्य कुठे उगवला?” ती म्हणाली. “मी हात लावला तर तुझी हत्यारं रुसतील ना?”

“टोमणे नंतर मार. दांडी खाली घे, तीन मोज, वर. मग सरकव.”

तो तिच्या मागे स्टुलावर बसून आकडे मोजायचा. खोकल्याची उबळ आली की ती मोजायची. आठवडाभरात चार ओळी झाल्या. पण नोरीन डावखुरी. तिने प्रत्येक ओळ उजवीकडून सुरू केली होती, आणि पेस्टच्या काळ्या चिखलात ते दोघांनाही दिसलं नाही. मला कळत होतं, पण पत्र्याला तोंड कुठलं?

रविवारी मला धुऊन उन्हात धरलं. वरच्या नऊ ओळींची कौलं एका दिशेला, खालच्या चारांची बरोबर उलटी. विल्फने नवव्या ओळीखाली बोट ठेवलं.

“पुसावं लागेल.”

“माझ्या चारच ना?”

“तसं होत नाही. तेवढ्याच घासल्या तर मध्ये पट्टा दिसेल. पहिल्यापासून सगळं घासून काढायचं.”

“आणि तुझ्या नऊ परत कोण करणार?”

“तूच.”

“मग त्या तुझ्या कशा?”

“चाळीस वर्षं मी चुकीचा तुकडा हाताखालून जाऊ दिला नाही, नोरीन.”

“त्या चाळीस वर्षांतलं तुझं काय राहिलंय त्या कारखान्यात? दाखव मला. माझ्याकडे हे एवढंच राहणार आहे, आणि तेही तू माझ्याच हातांनी पुसायला सांगतोयस.” तिने पॉलिश पेपर त्याच्या मांडीवर टाकला. “पुसायचंच असेल तर तू पूस.”

त्याने कागद उचलून माझ्या पहिल्या ओळीवर ठेवला. मला फार भीती वाटली. मग त्याने कागदाची घडी करून खिशात घातली.

“किती राहिल्यात?”

“तीन.”

“त्याही उजवीकडूनच कर. आता दिशा बदललीस तर मात्र खरंच चूक दिसेल.”

मे महिन्यात नोरीनने मोटार चालवली. विल्फ शेजारी बसला होता. पाऊण तासाच्या त्या फेरीत तो रस्त्यापेक्षा माझ्याकडेच जास्त बघत होता. जूनमध्ये तो गेला.

त्याला पंचवीस वर्षं झाली. नोरीनला आता मोटार झेपत नाही. मागच्या महिन्यात एक गिऱ्हाईक आलं, भला माणूस. म्हणाला, “आजी, डॅशबोर्डची खालची बाजू उलटी झालीये. काळजी करू नका, मी घासून नवा करून घेईन.”

“मोटार घेऊन जा,” नोरीन म्हणाली. “हा पत्रा तेवढा सोडवून दे.”

आता मी तिच्या पलंगाशेजारी भिंतीला टेकून उभा आहे. वेग, पेट्रोल दाखवणारी मीटरं काढल्यामुळे अंगावरची पाच भोकं उघडी पडली आहेत. उद्या ती नसेल, आणि मी तुमच्यापैकी कोणाच्या तरी हाती येईन. कामाचा वाटलो नाही तर खुशाल भंगारात घाला. वितळवलंत तरी माझी तक्रार नाही. पण मला नीटनेटका करायच्या भरात पॉलिश पेपर तेवढा लावू नका.