शाळू उपटायचं मशीन

"माज्या गाडीचं इंजान कुटाय?"

सिद्रामचा आवाज एवढा चढला की दावणीची म्हैस दचकून मागं सरली. दोन्ही हातांत दुधाच्या किटल्या आणि पुढ्यात फटफटीचा नुसता सांगाडा. अक्कलकोटातला रतीब तो ह्याच गाडीवरून घालतो. आमची त्याची भिंतीला भिंत, त्यामुळं ह्या बापलेकीचं भांडण ऐकायला मला कान लावावे लागत नाहीत.

त्याची लेक दानेश्वरी आयटीआय शिकलेली. भंगारातली चाकं, गिरणीचे जुने पट्टे जोडून तिनं परसात शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, उपटायचं मशीन उभं केलं होतं. इंजिन घ्यायची तेवढी ऐपत नव्हती. मग पोरीनं पहाटे बापाच्याच गाडीला पाना लावला.

"अप्पा, आज गौरम्माकाकूच्या रानात चालवून दावते. सुगी सरल्यावर कोन बगनार? वरीसभर गंजत पडंल."

"आन माजं दूद?"

"आजच्या दिस भाड्याच्या जीपनं न्या की."

"स्टार्टअप स्टार्टअप म्हंतीस ते हेच व्हय? बापाची गाडी इस्कटायची?" सिद्रामनं किटल्या आपटल्या. "आईक. आज जमलं न्हाय, तर सांजच्याला इंजान गाडीत. पुन्यांदा मशीनीचं नाव काडायचं न्हाय."

दानेश्वरीनं मान डोलावली, पण तोंड पार उतरलं होतं.

दुपारी निम्मं गाव गौरम्माच्या बांधावर जमलं. मीही होतोच, खोटं कशाला बोलू? गौरम्मा एकटी बाई. मजुरीच्या बाया सगळ्या द्राक्षाच्या बागांत गेलेल्या, शाळू रानात उभा वाळलेला आणि दक्षिणेकडनं आभाळ भरून आलेलं. पावसानं कणसं काळी पडली की वर्ष गेलं. म्हणून तर तिनं ह्या उपद्व्यापाला हो म्हटलं होतं. सिद्राम कसाबसा रतीब उरकून आला आणि हाताची घडी घालून उभा राहिला.

इंजिन खोकलं, बंद पडलं, पुन्हा खोकलं आणि एकदाचं चालू झालं. पट्ट्यांनी शाळूची ताटं धरली आणि मुळासकट वर ओढली.

"आरं, उपटतंय की!" शेजारच्या रानातला ज्ञानबा ओरडला.

तेवढ्यात गौरम्मा किंचाळली, "निल्लिसु! थांबीव गं!"

आमच्याकडं शाळू उपटला की कणसं एका अंगाला करून ताटं ओळीनं निजवतात. तशी असली तरच पेंढी बांधता येते, कणसं भराभर मोडता येतात. मशीनमागं मात्र नुसता गुंता पडला होता.

"हे निवडाया बाया कुटनं आनू? उबं हुतं तेच बरं हुतं!"

"काकू, ताटं झेलाया मागं ट्रे बसवायचा हुता, पर पत्रा पुरला न्हाय. मला वाटलं, उपटाया जमलं की झालं, बाकीचं मागनं बगू." दानेश्वरीनं एका हातानं मशीन धरून दुसऱ्यानं ताटं झेलून पाहिली. मशीन ओळ सोडून आडवं पळालं.

बांधावर हशा पिकला. "सिद्राम, पाना आनलास न्हवं? काड इंजान!" ज्ञानबा म्हणाला. मला त्याचा असा राग आला की बस्स.

पावसाचे थेंब पडू लागले. सिद्राम बांधावरनं उतरला. दानेश्वरी इंजिनाच्या आडवी उभी राहिली.

"अप्पा, आजून एक डाव..."

"सरक. हांडल धर दोनी हातांनी. आन हळू चालीव."

तो मशीनमागं गेला. पट्ट्यातनं सुटलेली ताटं त्यानं कवेत घेतली, कणसं एका अंगाला केली, खाली निजवली आणि पुन्हा हात पसरले. पानांच्या कडांनी हात चिरले जात होते, तरी तो थांबेना.

"गौरम्मा, बगतीयास काय? पेंढ्या बांद!"

मग मलाही उभं राहवेना. मी आणि गौरम्मा पेंढ्या बांधत ताडपत्रीखाली ओढत सुटलो. दोनेक तासांनी पाऊस दणकून आला तेव्हा खालचा एक तुकडा तेवढा उभा राहिला होता. तो भिजला. बाकीचा शाळू वाचला आणि गौरम्मा दानेश्वरीच्या गळ्यात पडून रडली.

ज्ञानबा डोक्यावर पोतं घेऊन हळूच जवळ आला. "दाने, आबाळ उगाडलं की माज्याकडं आनतीस का?"

"आनते की. पर काका, ट्रे आजून न्हाय."

"ट्रे कशाला? तुजा बाप धाड की संगं."

आता सिद्राम ह्याचं थोबाड फोडणार, असं मला वाटलं. तो दंडावरचं रक्त पुसत म्हणाला,

"मग कणसं कुंच्या अंगाला पायजेत, ते आत्ताच सांगून ठीव."