खडकावरचा बाण

त्या परिसरात याहून सोपी वाट नव्हती. घराजवळच्या पुलाने नदी ओलांडायची, दोन टेकड्यांना वळसा घालून उतरायचं, खालच्या पुलाने अलीकडे यायचं आणि काठाकाठाने चहाच्या वेळेला घरी. चुकायला जागाच नव्हती. ठिकठिकाणी दगडांवर पिवळे बाण होते आणि ते बाण बाबांनी आयुष्यभर रंगवले होते. पुढे मोतीबिंदूने त्यांची दृष्टी गढुळली आणि रंगाचा डबा धाकट्या मुलाकडे आला. बाबांनी दिला असं म्हणवत नाही. त्यांच्या हातून सुटला, यानं उचलला.

पहिल्या वर्षी बाबा त्याच्या मागोमाग फिरले. प्रत्येक बाणापाशी थांबून अंगठ्याने रंग चाचपायचे आणि विचारायचे, “हा बाण काढलास, की मेलेला मासा?” धाकटा खाली बघून ब्रश पुसत राही. बोलणं त्याच्या स्वभावात नव्हतं. सारं आतल्या आत साठवायची त्याला सवय, आणि साठलेलं रात्री उशाशी घेऊन पडायची. ताईच्या नवऱ्याने त्याचं नावच अबोलराव ठेवलं होतं.

यंदा बाण रंगवून झाले त्याच्या दुसऱ्या दिवशी, दुपारचं जेवण आटोपून, बाबांनी बूट चढवले आणि काठी उचलली. ऑपरेशन झालेल्या डोळ्यावर अजून पट्टी होती, पण डॉक्टरांनी चालायला परवानगी दिली होती.

“सोबत येऊ?” त्याने विचारलं.

“कशाला? आज मी साधा वाटसरू. डोकं घरी ठेवून चाललोय. तुझे बाण नेतील तिकडे जाणार.”

एवढं वाक्य ऐकायला त्याची कितीतरी वर्षं गेली होती. बाबा जाऊन तास उलटला, तरी मागच्या शेडमध्ये ब्रश धुताना तो ते मनात पुन्हापुन्हा घोळवत होता. डब्यातलं पाणी पिवळं झालं, तरी ब्रश धुतच होता.

भावोजी दारात येऊन टेकले. घराच्या पुढच्या भागात वाटसरूंसाठी चहाचं दुकान होतं, ते भावोजी सांभाळत.

“काय अबोलराव, स्वारी खुशीत? सासरेबुवांनी पाठ थोपटली वाटतं!”

तो नुसता हसला.

“पण काल सकाळी टेकडीवर तर धुक्यात हाताला हात दिसत नव्हता. रंगवलंस कसं?”

“नदीकडून सुरुवात केली. उलटा फिरलो.”

“उलटा? मग उजवं-डावं नीट सांभाळलंस ना बाबा? मी साधी गाडी मागे घेतो, तर खांब माझीच वाट बघत असतो!”

भावोजी आपल्याच विनोदावर खो खो हसले. धाकट्याच्या हातातला ब्रश मात्र पाण्यात तसाच राहिला.

टेकडी उतरून आल्यावर एक मोठा खडक लागतो. तिथून उजवीकडे खालचा पूल, आणि डावीकडे नदीतल्या दगडांवरून अलीकडे येणारी जुनी दगडवाट. वरच्या धरणातून दुपारी पाणी सोडायला लागल्यापासून ती बंद होती. काल उलटं येताना तो पुलाकडून त्या खडकाशी आला होता आणि डावीकडे वळून टेकडी चढला होता. बाकी प्रत्येक ठिकाणी ब्रश टेकवण्याआधी तो येणाऱ्या माणसाच्या बाजूने उभा राहून बघत असे. खडकाशी राहिला होता का? आठवेना. आठवत होतं ते एवढंच, की त्याच्या अंगात डावं वळण मुरलं होतं आणि हाताने तेच दगडावर उतरवलं होतं.

“भावोजी, धरणावर फोन लावा. बाबा दगडवाटेने येणार!”

“काहीतरीच काय! ती बंद झाल्याचं त्यांना ठाऊक नाही होय?”

ठाऊक होतं. पण पूर्वी पाणी कमी असलं की बाबा स्वतःच बाण तिकडे वळवत. आज तिकडे बाण दिसला, तर ते म्हणतील, पोराने चौकशी करून वाट पुन्हा उघडली असेल.

गोल वाटेवर माणसाला गाठायचं तर मागून जावं किंवा समोरून. मागे टेकड्या होत्या, म्हणून तो काठाने समोरून धावत सुटला. शेडच्या दारातून भावोजींचा आवाज येत राहिला, “हॅलो? हॅलो? अहो, कुणी आहे का तिकडे?” पुढे तोही विरला. काठावरची झाडं नको इतकी गप्प होती. खालचा पूल रिकामा दिसला. त्या क्षणी आयुष्यात पहिल्यांदा त्याला वाटलं, आजही नेहमीसारखंच व्हावं. बाबांनी तो बाण बघावा, तोंड वाकडं करावं, मेलेला मासा म्हणावं आणि आपल्याच मताने उजवीकडे वळावं. एवढा एक दिवस त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवू नये.

पूल मागे पडतो न पडतो, तोच वरच्या अंगाने धरणाचा भोंगा वाजला. लांब, सपाट, जनावराने हंबरावं तसा.

तो दगडवाटेच्या अलीकडच्या टोकाशी पोचला तेव्हा बाबा नदीच्या मधोमध, रुंद कातळावर उभे होते. पाणी त्यांच्या बुटांवरून वाहत होतं. मागचे दगड बुडाले होते, पुढचेही. बाबांनी त्याला पाहून हात वर केला. अंगठा पिवळा होता.

“वा रे पठ्ठ्या!” ते ओरडले. “बाण बघून म्हटलं, पोरगं धीट झालं!”

पाणी चढताना दिसत नव्हतं. दर वेळी बघावं तेव्हा ते आधीच चढलेलं असे. मात्र प्रत्येक बुडालेल्या दगडामागे पाण्याला एक सुरकुती पडत होती. काठावरून ती दिसत होती. एका डोळ्याने, इतक्या जवळून, बाबांना दिसणं शक्य नव्हतं.

“पुढचा दगड कुठंय? उजवीकडे की डावीकडे?”

उजवीकडे, असं म्हणायला त्याने तोंड उघडलं, आणि ते तसंच राहिलं. उजवीकडे कुणाच्या? दोघं समोरासमोर उभे होते.

त्याने तोंड मिटलं. हात उचलला, बोटं जुळवली आणि खांद्यापासून नखापर्यंत हात ताठ धरला, त्या सुरकुतीच्या दिशेने.

बाबा जन्मभर आधी काठी टेकवून मगच पाऊल टाकणारे. त्यांनी काठी काखेत मारली. पाण्याकडे बघणं सोडून ते त्याच्या हाताकडे बघू लागले आणि त्यांनी पाय पुढे टाकला.

पाय टेकला. पाणी गुडघ्याला लागलं.

“आता?” बाबांनी विचारलं.

त्याच्यापर्यंत यायला अजून बरेच दगड होते, आणि नदी त्यांच्या सुरकुत्या एकेक करून पुसत चालली होती. त्याने हात खाली घेतला नाही.