कोटाची भोकं माझी नव्हेत

मी पाकोळी बोलतेय. भुरकट, तुमच्या नखाएवढी. माणसांना सगळ्या पाकोळ्या सारख्याच दिसतात. त्यापायी आज एका भल्या माणसाची अब्रू जाणार होती.

माझा जन्म गव्हाच्या दाण्यात झाला. तिथेच खाल्लं, तिथेच झोपले, पंख फुटल्यावर बाहेर पडले. आता मी खात नाही. आठवडाभराचं तर आयुष्य, त्यात पोटाची कटकट कशाला?

तो दाणा वहिनींच्या धान्याच्या दुकानातला. शेजारीच त्यांच्या दिराचं रफूचं दुकान. बारीक काम, म्हणून तो भर दुपारीही दिवा लावून बसतो. दिवा दिसला की मला राहवत नाही. गेले, आणि टेबलावरच्या लोकरी कोटावर जरा टेकले.

तेवढ्यात कोटाचे मालक आले. वकील होते. कोट बाहीच्या रफूसाठी दिलेला, आणि आता कॉलरखाली तीन भोकं दिसत होती. त्यांनी माझ्यावर पेला उपडा घातला आणि निकालच देऊन टाकला: "दुकानात कपडे खाणारी कसर आहे, हे मी गल्लीभर सांगणार."

रफूगाराचा चेहरा उतरला. वीस वर्षं लोक त्याच्याकडे डोळे झाकून कपडे टाकत आले होते. कसर लागलेल्या दुकानात कोण पाऊल ठेवणार? मला तर संताप आला. लोकर मी कधी चाखलीसुद्धा नाही.

आवाज ऐकून वहिनी आल्या. पेल्यात निरखून म्हणाल्या, "साहेब, कसर उजेडाला घाबरते, घडीत दडून बसते. हिला सोडा, कुठे जाते बघू."

पेला उचलला. एकीकडे कोटाची काळोखी घडी, दुसरीकडे दिवा. मी सरळ दिव्यावर गेले.

वकील पुटपुटले, की कोट वर्षभर त्यांच्याच ट्रंकेत पडून होता.

"ती भोकंही भरून देतो," रफूगार म्हणाला. "पण गल्लीत काय सांगायचं, ते आता तुम्हीच ठरवा."

मला वाटलं, सुटले. तर वहिनींनी झाडू उचलला. "म्हणजे ही माझ्या गव्हातली."

हो, तुमच्याच गव्हातली. एक दाणा खाल्लाय, लपवत नाही. सोडलंत तर अंडीही गव्हावरच घालीन. दिव्यापासून मी हलणार नाही. मारायचं तर मारा, वहिनी, पण गव्हातली पाकोळी म्हणून मारा. कसर म्हणून मी मरणार नाही.